चाळीस मीटरची नारिंगी रेघ

पिवळा दिवा लागला की काय करायचं, ह्याबद्दल मला स्वतःला आयुष्यात कधी शंका पडलेली नाही. मी ओस्टरफेनच्या शाळेत गणित शिकवतो, आणि गणिताच्या मास्तरलाच शंका पडू लागल्या तर वर्गातली पोरं त्याला कच्चा खातील. शंका पडते ती माझ्या बायकोला, हिल्केला. आणि तीसुद्धा नेमकी ड्रायव्हिंगच्या परीक्षेत.

पहिल्या परीक्षेत पिवळा दिसताच तिने असा काही ब्रेक मारला, की मागे बसलेल्या परीक्षकबाईंचा चष्मा पुढच्या सीटवर येऊन पडला आणि गाडी थेट पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवर. नापास. दुसऱ्या वेळी तिने ठरवलं, आता काही झालं तरी ब्रेक मारायचा नाही. तिने मारला नाही. दिवा मधल्या मध्ये लाल झाला. नापास. थांबली म्हणून नापास, नाही थांबली म्हणूनही नापास. आता बाईने करावं तरी काय?

एरवी मी म्हटलं असतं, सोडून दे. हिल्केने इतकी वर्षं सायकलवर काढली. गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरी जाऊन आंघोळ घालणं, औषधं देणं, पायमोजे चढवणं, हे सगळं ती सायकलवरच करते. पण ह्या उन्हाळ्यात तिच्या संस्थेने तिला आजूबाजूच्या चारही गावांची प्रमुख करायचं ठरवलं. अट एकच, एक ऑक्टोबरच्या आत लायसन्स हवं. नाहीतर ती जागा मिळणार उटा ब्राम्सला, जी म्हाताऱ्यांशी मेंढ्यांशी बोलावं तसं बोलते. हिल्केने ह्या जागेची किती वाट पाहिली होती ते मला माहीत होतं. दुसऱ्यांदा नापास होऊन आली तेव्हा तिने चहा ओतला, त्यात साय सोडली, आणि तो तसाच गार होऊ दिला. आमच्या ह्या भागात चहा गार होऊ देणं म्हणजे घरात कुणीतरी गेल्यासारखंच आहे.

"मला पिवळा दिसला की डोकं बंद पडतं, फोल्कर्ट," ती म्हणाली.

"कारण तुला त्यामागचं गणित माहीत नाही," मी म्हणालो.

इथेच मी तोंड मिटून चहा प्यायला असतो, तर पुढचं सगळं टळलं असतं.

गणित खरं म्हणजे इतकं सुंदर आहे की ऐकणाऱ्याने टाळ्या वाजवाव्यात. ताशी पन्नासने गाडी चालली आहे. दिवा पिवळा झालेला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी पंधरा मीटर पुढे जाते. मग ब्रेक लागून उभी राहीपर्यंत आणखी पंचवीस. एकूण चाळीस. आता पिवळा टिकतो तीन सेकंद, आणि पन्नासच्या वेगाने तीन सेकंदांत गाडी जाते चाळीस मीटरच्या जरा वर. म्हणजे काय? सिग्नल अजून चाळीस मीटरहून लांब असला, म्हणजे चाळीसच्या अलीकडे असलात, तर थांबा, पलीकडे गेला असलात तर सरळ निघा. दोन्हीकडे सुरक्षित! हे मी हिल्केला टेबलावर चमचे मांडून समजावलं. साखरेचा खडा म्हणजे गाडी.

"आणि रस्त्यावर चाळीस मीटर कसे ओळखायचे?" तिने विचारलं. "चमच्यांनी?"

प्रश्न रास्त होता. पण आमच्याकडे नवऱ्याने बायकोला रस्त्यावर गाडी शिकवायला कायद्याने बंदी आहे. हा कायदा करणारा माणूस शहाणा होता, आणि बहुतेक विवाहित. गाडी नाही तर नाही, पण रस्त्यावर चाळीस मीटर आखून तिच्या डोळ्यांत बसवायला कुठल्या कायद्याची आडकाठी? आमच्या घरासमोरून कालव्याच्या काठाने अरुंद रस्ता जातो. दिवसभरात येऊन जाऊन गाड्या किती? शेजाऱ्यांच्याच. मी आधी खडूने आखलं. तासाभरात पावसाने धुतलं. मग बाजारातून नारिंगी स्प्रे आणला. डब्यावर लिहिलं होतं, दोन महिने टिकतो. माझ्या फाटकासमोर थांबायची रेघ, तिच्यापुढे शून्य. मागे पंचवीसला, जिथे ब्रेक लागायला हवा तिथे, बाण. त्याच्या मागे, शेजारच्या तामेनाबाईंच्या, म्हणजे फ्राउ तामेनांच्या फाटकापाशी, जाड रेघ, आणखी एक बाण आणि आकडा चाळीस. अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं आहे. काम एकदम सरकारी दिसत होतं.

मग सराव. हिल्के गेर्येत नावाच्या शेजाऱ्याच्या घरापासून, म्हणजे तामेनांच्याही पलीकडून, सायकल मारत यायची आणि मी फाटकापाशी भांडी घासायचा पिवळा रबरी हातमोजा उंच धरून ओरडायचो, "पिवळा!" तिने रेघेच्या हिशोबाने ठरवायचं, थांबायचं की जायचं. तिसऱ्या फेरीला ती माझ्या अंगावरच आली.

"तू पिवळा आहेस की लाल, ते आधी ठरव!" ती ओरडली. "आणि सायकल पन्नासने जात नाही, मास्तर!"

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता असं नाही. मी तो बाजूला ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. फ्राउ तामेना उभ्या होत्या, हातात सफरचंदाचा केक. फ्राउ तामेना बारा महिने तक्रार करणारी बाई. केक घेऊन आल्या तेव्हा मला आधी वाटलं, घर चुकल्या.

"आली हो एकदाची!" त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी.

"कोण?"

"अहो, वेगवान इंटरनेटची केबल! खुणा करून गेले की. माझ्या अगदी फाटकापर्यंत! चाळीस म्हणजे चाळीस सेंटिमीटर खोल खणणार, हो ना? तुम्ही गणिताचे, तुम्हाला कळतं."

ह्या केबलची गोष्ट अशी, की आमच्या रस्त्यावरचे लोक तिची वाट इतकी वर्षं बघत आहेत की आता ती आली तर काय बोलायचं तेच कुणाला कळणार नाही. फ्राउ तामेनांचा नातू कॅनडात असतो. व्हिडिओवर त्याचं तोंड हलतं आणि आवाज नंतर येतो. बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या, "आता लेकरू नीट दिसेल मला." आणि मी? मी केक हातात घेऊन म्हणालो, "वा, वा." एवढंच. खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण त्यात केक गेला.

दुपारी बघतो तर फ्राउ तामेना फावडं घेऊन फाटकाजवळची हायड्रेंजियाची झुडपं उपटत होत्या. केबलला वाट हवी ना! चाळीस वर्षांची झुडपं. मी तडक घरात गेलो.

"हिल्के," मी म्हणालो, "मला वाटतं जरा घोटाळा झालाय."

"जरा?" हिल्के म्हणाली. "जा आणि सांगून टाक."

मी निघालोच होतो. तेवढ्यात गेर्येत वुब्बेना आडवा आला. गेर्येत बंदराच्या नोकरीतून निवृत्त झालेला, गल्लीतल्या सगळ्या गोष्टींवर आपलीच देखरेख आहे अशा थाटात वावरणारा माणूस.

"बाण तामेनाबाईंच्या फाटकापाशी थांबलाय," तो म्हणाला. "माझ्या घराला केबल नाही? मी काय होडीत राहतो?"

"गेर्येत, ऐक, ते बाण म्हणजे..."

"मला बाण शिकवू नकोस. मी आत्ता नगरपालिकेत फोन केलाय. चांगलं झापलंय त्यांना."

आणि तो गेला. संध्याकाळी पाहिलं, तर बाण तामेनांच्या फाटकापासून पुढे वाढून गेर्येतच्या फाटकापर्यंत पोचलेला. रंग निळा. गेर्येतच्या बोटांनाही निळा.

नगरपालिकेचे लोक एरवी खड्डा बुजवायला दोन हिवाळे घेतात. पण गेर्येतचा फोन म्हणजे गेर्येतचा फोन. दुसऱ्याच दिवशी पिवळी जाकिटं घातलेले दोघे आले. खुणा बघितल्या. फोटो काढले. एकाने डोकं खाजवलं. दुपारी ट्रक आला, आणि माझ्या फाटकापासून गेर्येतच्या फाटकापर्यंत कालव्याच्या बाजूचा अर्धा रस्ता लाल-पांढऱ्या फळ्या लावून बंद! राहिलेल्या अर्ध्यातून आळीपाळीने गाड्या सोडायला दोन्ही टोकांना एक-एक चाकावरचा सिग्नल. एक गेर्येतच्या घरापुढे, एक माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. मी स्वयंपाकघरात उभा राहून पाहिलं. हिरवा. पिवळा. लाल. ज्या गोष्टीमुळे बायकोची झोप उडाली होती ती मी आणून तिच्या खिडकीत लावली होती.

आता मात्र मी टाय लावून नगरपालिकेत गेलो. हाबेन नावाचे गृहस्थ होते, टेबलावर स्वच्छ थर्मास आणि स्वच्छ चेहरा.

"त्या खुणा मी केल्या," मी म्हणालो. "बायकोला थांबण्याचं अंतर शिकवायला."

"कुठल्या खुणा?"

"कालव्याकाठच्या. जिथे तुम्ही सिग्नल लावलेत."

त्यांनी संगणकात पाहिलं. "तिथे बंदिस्त क्षेत्र आहे."

"हो, माझ्या खुणांमुळे!"

"तसं नसतं," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "बंदिस्त क्षेत्र कामामुळे असतं."

"पण तिथे काम चालू नाहीये."

"अजून नाहीये. उद्या चालू झालं आणि फळ्या नसल्या, तर? जबाबदार कोण? तुम्ही?"

"पण खुणा मीच काढल्या म्हणतोय ना मी!"

हाबेननी संगणकावरून हात काढले. "हे बघा, अशा खुणा करायला माणूस शिकलेला लागतो. आमच्या लोकांनी पाहिल्यात त्या. अगदी व्यवस्थित आहेत." तेवढं एक बरं वाटलं. "शिवाय निळ्या रंगाच्याही आहेत. त्याही तुम्हीच?"

गेर्येतचं नाव घ्यावं की नाही, ह्या विचारात मी गप्प बसलो. हाबेननी मान डोलावली, जणू खोटं पकडलं. मला दारापर्यंत पोचवलं आणि म्हणाले, "सुट्टीत जरा समुद्रावर जाऊन या."

असा मी, ह्या गावात पंचवीस वर्षं दोन आणि दोन चार शिकवणारा माणूस, गुन्हा कबूल करायला जाऊन वेडा ठरून परत आलो.

मग आठवडे गेले. खणायला कुणी आलं नाही, फळ्या काढायला कुणी आलं नाही. आणि आमचे लोक! समोर कुत्रं नाही, मांजर नाही, एका टोकाहून दुसरं टोक स्वच्छ दिसतंय, तरी लाल लागला की गाडी उभी. सायकल उभी. पाद्रीबाबा तर एकदा चालतच होते, तेही उभे राहिले. फ्राउ तामेना उपटलेली झुडपं बादल्यांत घालून त्यांना पाणी देत होत्या आणि रोज विचारत होत्या, "आज येतील का हो?" मी म्हणायचो, "बघू." लाजेने माझं वजन उतरलं.

हिल्के मात्र बदलत होती. सकाळी चहा ओतला की ती खिडकीशी बसायची. बाहेर हिरवा, पिवळा, लाल. भाजी चिरताना तेच, इस्त्री करताना तेच. मी एकदा हळूच म्हणालो, "पिवळा दिसला की मनात चाळीस..."

"चूप," ती म्हणाली. "बघू दे मला. किती सावकाश जातो बघ बिचारा. मला वाटायचं, तो माझ्या अंगावर ओरडतोय."

तीन सेकंद सावकाश असतात, हे मी कधी शिकवलंच नव्हतं.

परीक्षा सप्टेंबरच्या शेवटी होती. ही गेली तर ऑक्टोबरच्या आधी दुसरी तारीख नव्हती. पोपिंगा म्हणजे तिचे ड्रायव्हिंगचे मास्तर. ते म्हणाले होते, ह्या परीक्षकबाईंना, फ्राउ ब्र्युनिंगना, अरुंद रस्ते फार आवडतात, बहुधा कालव्याकाठीच आणतील. म्हणजे मला घरात बसवणार कसं? पण नवरा खिडकीतून डोकावतोय हे हिल्केला दिसलं तर बरं नाही. म्हणून मी शिडी लावून कुंपण कापायला चढलो. कुंपण आधीच इतकं कापलेलं होतं, की त्यात कापायला फक्त हवा होती. शिडी सरकवताना ती सिग्नलच्या डोक्याला खट्ट करून लागली. मी म्हटलं, लागू दे.

आली! ड्रायव्हिंग शाळेची पांढरी गाडी, हिल्के स्टिअरिंगवर, बाजूला पोपिंगा, मागे फ्राउ ब्र्युनिंग. सिग्नल हिरवा होता. मी मनात म्हटलं, राहा, हिरवाच राहा. आणि तो मेला पिवळा झाला. हिल्केने अजिबात घाई केली नाही. गाडी अशी अलगद येऊन रेघेच्या मागे उभी राहिली, की पोपिंगांचं डोकंसुद्धा हललं नाही. शिडीवर मला रडू यायचं बाकी होतं.

लाल लागला. आणि लालच राहिला.

पलीकडच्या टोकाला बघतो तर तिथेही लाल. मग वर पाहिलं. सिग्नलच्या डोक्यावर एक छोटा डोळा असतो, येणारी गाडी बघायला. तो माझ्या शिडीच्या धक्क्याने फिरून आता माझं कुंपण बघत होता. माझ्या कुंपणातून गाडी येणार नव्हती. त्याच्या मते जगात कुणी नव्हतंच. अरे देवा! हाही मीच!

हिल्के थांबली होती. लाल तोडला तर तिथल्या तिथे नापास. तशीच बसली तर वेळ संपणार, आणि ठरवता येत नाही म्हणून नापास. पोपिंगांना परीक्षेत बोलायची बंदी; ते बिचारे लालबुंद होऊन समोर बघत बसलेले. गेर्येत बाहेर आला. "जा गं बिनधास्त! मी बघतोय इकडून!" फ्राउ तामेना बाहेर आल्या, परिस्थिती पाहिली, आत गेल्या आणि ट्रेवर चहा घेऊन आल्या. आमच्याकडे लोक अडकून पडले की चहा येतो, मग ते घर असो नाहीतर परीक्षा. फ्राउ ब्र्युनिंगनी काच खाली करून कप घेतला. काय करणार, साय घातलेली होती.

हिल्केने इंजिन बंद केलं. आपल्याही बाजूची काच खाली केली.

"फोल्कर्ट. शिडीवरून उतर. इकडे ये."

मी गेलो. शाळेत मुलं येतात तसा.

"बाईंना सांग, ह्या फळ्यांच्या आत काय काम चाललंय."

"काही नाही," मी म्हणालो.

"मोठ्याने."

मग मी सांगितलं. सगळ्या गल्लीसमोर. चाळीस मीटर, नारिंगी स्प्रे, पिवळा रबरी हातमोजा, हाबेन. शिडीसुद्धा सांगितली. फ्राउ तामेनांच्या हातातला ट्रे खाली आला. "म्हणजे केबल नाही?" त्या म्हणाल्या. मला त्यांच्याकडे बघवेना. गेर्येतने निळी बोटं खिशात घातली.

फ्राउ ब्र्युनिंगनी कप बशीवर ठेवला. "म्हणजे हा सिग्नल बिघडलाय?"

"बिघडवलाय," हिल्के म्हणाली.

"मी काही सांगू शकत नाही. गाडी तुम्ही चालवताय."

"मला माहीत आहे," हिल्के म्हणाली. मग तिने ठरवलं. मी तिच्याकडे बघत होतो, तिने माझ्याकडे बघितलंही नाही. "गेर्येत, तुझ्या टोकाला जा. तिकडून गाडी येत असेल तर थांबव. रस्ता मोकळा असला की टोपी हलव." गेर्येतला आयुष्यभर असं काम हवं होतं, तो पळत गेला. टोपी हलली. हिल्केने इंजिन चालू केलं, आरशात पाहिलं, मान वळवून पाहिलं, आणि चालण्याच्या वेगाने त्या अर्ध्या रस्त्यावरून पलीकडे गेली. गाडी वळणावर दिसेनाशी झाली. फ्राउ तामेनांचा कप गाडीतच गेला.

पुढचा अर्धा तास मी हायड्रेंजियासाठी खड्डे खणत काढला. कुणी सांगितलं नव्हतं. फ्राउ तामेना बाजूला उभ्या राहून "अजून खोल" एवढंच म्हणत होत्या. त्यांचा नातू ख्रिसमसला येईल तेव्हा मी त्याला स्टेशनवर आणायला जाईन, असं मी कबूल केलं. "तुम्ही नको," त्या म्हणाल्या. "हिल्के पास झाली तर ती जाईल."

मग वळणावरून हिल्के चालत आली. हातात तो कप. चेहऱ्यावरून काही कळेना. मी फावडं धरून उभा.

"पास," ती म्हणाली.

माझा जीव असा भांड्यात पडला, की मी तिथेच मातीत बसलो. हिल्केही माझ्या शेजारी बसली, नवी पॅन्ट घालून. फ्राउ तामेना म्हणाल्या, "थांबा, चहा टाकते."

"बाई काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, नियम पाठ असलेले रोज भेटतात. विचार करून गाडी हलवणारी क्वचित भेटते. आणि म्हणाल्या, नवऱ्याला शिडीपासून लांब ठेवा."

एक ऑक्टोबरला संस्थेची छोटी निळी गाडी आमच्या दारात उभी राहिली. पहिल्या दिवशी मला शाळेपर्यंत सोडायचं हिल्केने मान्य केलं, बोलायचं नाही ह्या अटीवर. मी बोललो नाही. मोठ्या चौकाजवळ आलो. आम्ही चाळीसच्या किंचित अलीकडे होतो, की किंचित पलीकडे? मी अंतर मोजतोय तोच दिवा पिवळा झाला. मी डोळे मिटले आणि तिथे ब्रेक असल्यासारखे दोन्ही पाय खाली गच्च रोवले.

सगळं शांत झालं. डोळे उघडले तर गाडी रेघेच्या मागे उभी होती आणि आमच्यासमोरून शाळेची पोरं रस्ता ओलांडत होती. माझा वर्ग. मला बघून हात हलवत होती.

"फोल्कर्ट," हिल्के म्हणाली, "पाय उचल. गाडी मी थांबवलीय."